उजवा खिसा

मी एक वर्ष खिशात चाकू घेऊन फिरलो. घरात हे फक्त बायकोला माहीत आहे, आता लिहून राहिलो म्हणजे आईपर्यंत कोणी ना कोणी पोचवेलच, आमच्या गावात बातमीला नेटवर्क लागत नाही. तर आई, रागावू नको, जुनी गोष्ट आहे.

मी कोणी भाई-बिई नाही. तालुक्याला माझं सेतू आहे, म्हणजे बोर्डावर आपले सरकार सेवा केंद्र लिहिलंय पण लोकं सेतूच म्हणतात. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, पीकविमा, भरतीचे फॉर्म, आधारवर एक नाव अन् सातबाऱ्यावर दुसरं म्हणून रडकुंडीला आलेल्या म्हाताऱ्या, हा माझा दिवस. रात्री आठ-साडेआठला शटर पाडायचं अन् चौदा किलोमीटर गाडीनं गावाकडं. यवतमाळ जिल्ह्यातला वणीकडचा पट्टा आहे आमचा, कोळशाच्या ट्रकांनी रस्त्याची पार चाळणी केलेली, रात्री हेडलाइटच्या उजेडात काळी धूळ तरंगताना दिसते अन् घरी जाऊन नाक शिंकरलं की रुमाल काळा.

डिसेंबर २०२२ ची गोष्ट. थोडा कापूस विकला होता, आठ हजाराच्या वर भाव होता, बाकीचा घरातच ठेवला अजून वाढेल म्हणून (वाढला नाही, उलट पडला, ते वेगळं दुखणं). व्यापाऱ्यानं राहिलेले बावीस हजार मला तालुक्याला रोख दिले. नाल्यावरच्या रपट्याजवळ दोघं गाडी आडवी लावून उभे, तिसरा कठड्यावर बसलेला. एकानं पाठीत काठी घातली, दुसऱ्यानं चाकू नुसता दाखवला, लावला पण नाही, अन् मी पैसे, फोन, सगळं आपल्या हातानं काढून दिलं. दोन मिनिटांत आटपलं. तक्रार दिली, लिहून घेतली, पुढं काही नाही.

पैशाचं दुःख महिनाभरात ओसरलं. पण मी ज्या पद्धतीनं हात पुढं केला ना, सेतूत पावती देतो तसा, "हे घ्या दादा" असं तोंडातून निघालं होतं, ते काही जाईना. दादा म्हटलं मी त्याले! वीस वर्षांचं पोट्टं होतं ते.

मग फेब्रुवारीत वणीच्या जत्रेत गेलो पोरीला घेऊन. आकाशपाळणा, रसवंती, भांडी, बैलांचे साज अन् एका कोपऱ्यात चाकू-कात्र्यांचा गाडा. बटन दाबलं की पातं खट् करून बाहेर, पितळी मूठ, वर हिरवं प्लास्टिक. १८० रुपये. गाडेवाला हसत म्हणे, "फळं कापाले न्या भाऊ." मी पण हसलो. पोरगी बुढ्ढी के बाल खाण्यात गुंग होती. तो चाकू उजव्या खिशात टाकला अन् त्या दिवसापासून माझा उजवा हात माझा राहिला नाही.

म्हणजे काय सांगू. बोलता बोलता हात खिशावर. एसटीत कोणी शेजारी टेकलं की हात खिशावर. गाडीवर बसताना एकदा चाचपायचं, उतरताना एकदा. बायको म्हणे खिशात काय आहे, इतक्या वेळा कायले पाहता, मी म्हणे किल्ली. बाथरूममध्ये नळ सोडून खट् खट् करायचो, पस्तिशी गाठलेला माणूस, एका पोरीचा बाप. आवाज आवडायचा मला, खोटं कशाला बोलू.

आधी माझा स्वभाव कसा, कोणी शिवी दिली तर ऐकलं नाही असं दाखवून निघून जायचं. आमच्या घराण्यातच आहे ते. आजोबा म्हणायचे, भांडण दिसलं की धोतर सावरावं अन् वाट बदलावी. तर त्या उन्हाळ्यात पानठेल्यावर सुट्ट्या दहा रुपयांवरून एक जण वाकडं बोलला. पिऊन होता. नेहमीचा मी असतो तर दहा रुपये सोडून घरी आलो असतो. पण मी उभा राहिलो. "काय म्हणला बे तू?" हा आवाज माझाच होता का हे मला अजून कळलं नाही. तो एक पाऊल पुढं आला, मी मागं सरकलो नाही, हात खिशात, अंगठा बटनावर. पानठेलेवाला ओळखीचा, त्यानं मधात येऊन त्याला ढकललं अन् मला म्हणे, "जा ना भाऊ घरी, तुमचं काय काम इथं." गाडी सुरू करायला गेलो तर किक बसेना, पाय लटलट कापत होते.

दहा रुपयांसाठी. तो माणूस अजून दिसतो मला बाजारात, नमस्कार करते. त्याला माहीतच नाही.

मग डोक्यात आलं की रपट्यावर तरी हा चाकू काय कामाचा होता? खिशात लपवलेली गोष्ट समोरच्याला दिसत नाही, मग तो घाबरणार कशाला. त्यानं घाबरावं असं वाटत असेल तर काढून दाखवावी लागते, अन् काढली की मग परत खिशात घालायची सोय राहत नाही, कारण समोर तिघं आहेत, त्यातल्या एकाकडं पण चाकू आहे अन् तो तुमच्यापेक्षा जास्त वेळा वापरलेला आहे. बावीस हजार अन् एक फोन गेला, पोटातून आतडं नाही गेलं, हा हिशोब मला त्या रात्री आपोआप जमला होता, चाकू घेतल्यावर तो चुकायला लागला.

आमच्याकडं हत्यार म्हणजे काही नवलाची गोष्ट नाही. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात ती टी-वन वाघीण होती, अवनी, १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता तिच्यावर, २ नोव्हेंबर २०१८ ला तिला गोळी घातली तोवर इकडची माणसं एकेकटी वावरात जात नव्हती. अजून पण जागलीला निघालेला माणूस पाहा, खांद्यावर कुऱ्हाड, हातात काठी अन् टॉर्च, रानडुकराच्या मागं ओरडायला गळा. बाया निंदायला जाताना विळा घेऊनच जातात. पण ती कुऱ्हाड सगळ्या गावाला दिसते. कोण चाललं, कुठं चाललं, कशासाठी, हे ती कुऱ्हाडच सांगते. माझ्या चाकूचं तसं नव्हतं, तो कोणालाच काही सांगत नव्हता, मला सोडून, अन् मला मात्र दिवसभर सांगत राहायचा.

जुलै. पाऊस. कोळशाच्या एका ट्रकला साईड देताना गाडी खड्ड्यात आदळली अन् मांडीत एकदम गरम वाटलं. आधी वाटलं सायलेन्सर लागला. मग पाहतो तर पॅन्ट ओली, पावसानं नाही. १८० रुपयांचं बटन ते, त्याला काय लॉक असणार, आदळल्याबरोबर खिशातच उघडलं होतं. टोक आत गेलं होतं, दीडेक इंच. चाकू काढून गाडीच्या डिक्कीत टाकला, गमछा बांधला अन् सरकारी दवाखान्यात.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, ड्युटीवर एकट्या. "कशानं लागलं?"

"पऱ्हाटीचं खुंट लागलं मॅडम, वावरात पडलो."

त्यांनी कापूस दाबून धरला, उचलला, परत पाहिलं. जखम चीर पाडल्यासारखी सरळ, दोन्ही कडा स्वच्छ. "पऱ्हाटीचं खुंट असं कापत नसते काका," एवढंच बोलल्या. काका! मग म्हणाल्या, धारदार शस्त्राची जखम असली तर आम्हाला पोलिसांना कळवावं लागते, एमएलसी, म्हणजे पोलीस केसची नोंद, करावी लागते, कोणी मारलं का तुम्हाला? मी म्हटलं नाही मॅडम, माझंच लागलं मला, कोणाचं नाव नाही. हे तरी खरं होतं. तीन टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन. ड्रेसिंग करताना त्यांनी बोटानं माझ्या मांडीच्या आतल्या बाजूला दाखवलं, इथून मोठी रक्तवाहिनी जाते, थोडं अलीकडं असतं तर तुम्ही इथपर्यंत पोचलेच नसते. बोट गार होतं. ते गार बोट मला अजून जाणवते.

तेवढ्यानं सोडला असेल चाकू, असं वाटते ना? नाही सोडला. जखम भरेपर्यंत डाव्या खिशात ठेवला. माणूस किती येडा असतो.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात आमच्याच बाजूच्या गावचं एक पोरगं नाकाबंदीत सापडलं. १९ वर्षांचा. टेनिस बॉलच्या टुर्नामेंटवरून दुसऱ्या गावच्या पोट्ट्यांशी वाजलं होतं, धमकी मिळाली म्हणून हा चाकू घेऊन फिरे. पोलिसांनी गाडीचे कागद मागितले, हा घाबरून पळाला, मग धरला, मग झडती. पंचनामा मी नंतर वाचला, त्याच्या बापानं झेरॉक्सला आणला होता माझ्याकडं. एक लोखंडी धारदार बटन चाकू, पितळी मूठ, त्यावर हिरवे प्लास्टिक. पात्याची लांबी साडेपाच इंच, रुंदी एक इंच. दोन पंचांसमक्ष कागदात गुंडाळून लाखेने सीलबंद. मशीनच्या काचेवर तो कागद ठेवला अन् त्याच काउंटरच्या अलीकडं माझ्या खिशात तोच चाकू. म्हणजे अगदी तोच, एकाच गाड्यावरचा असेल. झेरॉक्सच्या हिरव्या उजेडात मी मुठीचा शब्द न् शब्द वाचला.

कलमं दोन लागली होती. शस्त्र अधिनियमाचं ४ सह २५ अन् महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ३७(१) सह १३५. त्याच्या वकील साहेबांचं टायपिंग माझ्याकडंच असते, त्यांना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, साहेब, एवढ्याशा चाकूला एवढं? ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, बस इथं. १९५९ चा कायदा आहे, त्याच्या नियमात यादी आहे, तलवार, खंजीर, भाला अन् नऊ इंचाहून लांब किंवा दोन इंचाहून रुंद पात्याचे चाकू. घरकामाची, शेतीची अवजारं त्यात येत नाहीत, तुझ्या बापाचा विळा कोणी जप्त करत नाही. अन् सरकारनं ज्या भागासाठी अधिसूचना काढली तिथं असं हत्यार विनापरवाना बाळगलं तर एक ते तीन वर्षं. या पोराचं पातं साडेपाच इंच, तिथं मी भांडेन. पण ३७(१) ला इंचाचं बंधन नाही. सणावाराला, निवडणुकीला जिल्ह्यात मनाई आदेश निघते, पेपरात आतल्या पानावर चौकट येते, तू कधी वाचली का? शस्त्र, सोटा, काठी, चाकू, काहीच सार्वजनिक जागी घेऊन फिरायचं नाही. मोडला तर वर्षापर्यंत कैद अन् साधारण चार महिन्यांच्या खाली द्यायची नाही असं कायद्यातच लिहिलंय, द्यायची तर जजला कारण लिहावं लागते.

"अन् कट्टा असता तर?"

"कट्ट्याचं नाव कायले काढतो?" त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "२०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीला कमीत कमी दोन वर्षं, वर पाच."

आमच्या गावात एकाकडं परवान्याची भरमार बंदूक आहे, डुकरांसाठी, तो प्रत्येक निवडणुकीला ती गोणपाटात गुंडाळून ठाण्यात जमा करून येते अन् पावती माझ्याकडून लॅमिनेट करून घेते. जुन्या एका मालगुजाराच्या वाड्यात गुप्ती होती म्हणे, काठीच्या पोटात तलवार. ती पण यादीत आहे, नावानिशी. आता कुठं आहे ते कोणी बोलत नाही, कडब्याच्या गंजीत असेल नाहीतर नातवाच्या इन्स्टाग्रामवर.

मी विचारलं, साहेब पण जीव वाचवायचा हक्क आहे ना माणसाला? वकील म्हणाले, आहे ना बाप्पा, आयपीसीत कलम ९६ ते १०६ (तेव्हा आयपीसीच चालू होती, आता न्याय संहितेत ते ३४ ते ४४ आहे), कोणी काढून नाही घेतला. पण गरजेपुरताच मारता येते, अन् पोलिसांकडं जायला वेळ होता तर तो हक्क लंगडा पडते. अंगावर आलेल्याला तू हातात सापडलेल्या दगडानं, फावड्यानं हाणलं तर मी कोर्टात छाती काढून उभा राहीन. पण खिशातून बटन चाकू निघाला की सरकारी वकील पहिला प्रश्न हाच करते, घरून निघताना घेतला होता ना? कायले घेतला होता? दिवसभर काय मनात होतं? त्याचं उत्तर तू देशील का मी देऊ?

मी चहा सांगायला उठलो.

पोराला दुसऱ्या दिवशी जामीन झाला. त्याचा बाप मात्र तेव्हापासून तारखेला एसटीनं येते, डब्यात भाकर-चटणी, कोर्टाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली बसते, पंच आला नाही म्हणून पुढची तारीख, जज साहेब रजेवर म्हणून पुढची. रोजी बुडते ती वेगळी. सुटेल बहुतेक, वकील म्हणतात. केव्हा, ते नाही म्हणत.

मार्च २०२४ ला पोलीस भरतीचे फॉर्म सुटले. आमच्याकडं तो सणच असतो, पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर पोट्ट्यांची रांग, कोणाच्या पायात बूट, कोणाच्या नाही, सोळाशे मीटरचे २० मार्क, शंभर मीटरचे १५, गोळ्याचे १५, झोपेत विचारा, सांगतील. हा पोरगा सगळ्यात पुढं राहायचा. वावराच्या धुऱ्यावर दगडाचा गोळा फेकून फेकून त्याचा खांदा एका बाजूला वाढलेला. तो आला फॉर्म भरायला. फोटो, सही, जातीचा दाखला, डोमिसाईल, सगळं फोल्डरमध्ये नीट. गर्दी कमी झाली तेव्हा काउंटरवर वाकला अन् हळूच म्हणे,

"भाऊ, सिलेक्शन झाल्यावर तो साक्षांकनाचा फॉर्म असते ना. त्यात गुन्हा दाखल आहे का म्हणून विचारते. तिथं 'नाही' लिहिलं तर कळते का?"

त्या कॉलमचं मला पाठ आहे. कधी अटक झाली होती का, खटला चालू आहे का, निर्दोष सुटला असाल तरी लिहा. खाली बारीक अक्षरात, माहिती लपवल्यास नेमणूक रद्द. सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग म्हणून निकाल आहे, वकील साहेबांनीच टाईप करायला दिला होता एकदा, त्यात हेच लिहिलंय, गुन्हा लहान असेल तर खातं विचार करू शकते, पण लपवलं तर लपवल्याचंच वेगळं होऊन बसते, अन् निर्दोष सुटला तरी घ्यायलाच पाहिजे असं नाही. हे सगळं मी त्याला सांगणार होतो. माझा उजवा हात खिशावर होता. सवयीनं.

"कळते," म्हटलं. "खरं लिहायचं. केस नंबर टाकायचा, कोर्टाचं नाव टाकायचं, तारीख टाकायची."

"मग घेतील का?"

मी स्क्रीनकडं पाहत राहिलो. ओटीपी आला नव्हता अजून. तो म्हणे, "भाऊ, मी कोणाले मारलं पण नाही ना. नुसता खिशात होता."

ओटीपी आला. सबमिट केलं. फीचे पैसे घेतले नाहीत मी त्याच्याकडून, तो नको नको म्हणत होता, का नाही घेतले ते त्याला सांगता आलं नाही.

त्या रात्री गाडी रपट्यावर नाही थांबवली, तिथं अजून पण थांबत नाही मी. सरळ वावरात नेली अन् चाकू विहिरीत टाकला. पाणी खोल होतं, आवाज पण फार आला नाही. आता रपट्यावरून जायचं असलं की गावातले दोघं-तिघं तालुक्याहून निघताना फोन करून सोबत निघतो, रोख नेत नाही, व्यापाऱ्याला सांगितलं खात्यात टाक, नाहीतर चेक दे. भीती गेली असं नाही. रपटा आला की अजून पाठ ताठ होते, काठी बसली होती तिथं बरोबर.

मे महिन्यात विहिरीचा गाळ काढायला घेतला. आमच्या विहिरीला दर दोन-तीन वर्षांनी काढावा लागते. दोघं खाली, वर बाबा अन् मी, बादली ओढायची अन् धुऱ्यावर उलटी करायची. चौथ्या दिवशी गाळात खण् वाजलं. बाबांनी हात घालून काढला, पाण्यात खळबळला, हिरवं प्लास्टिक निघून गेलं होतं, पितळ काळं पडलेलं. बटन दाबून पाहिलं, उघडला नाही.

"हे कोणाचं बे इथं?"

"काय मालूम बाबा. कोणी टाकलं असेल."

बाबांनी एकदा चाकूकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. माझा हात कुठं होता मला नाही माहीत. मग त्यांनी तो भंगाराच्या पोत्यात टाकला, नांगराच्या मोडक्या फाळासोबत, अन् म्हणाले, "दोर धर नीट, खाली माणसं आहेत."

मी दोर धरला.